टाकीवरचा बादलीवाला

१२ ऑक्टोबर, सकाळी नऊ. भोपाळच्या सोनागिरीतल्या घरी बाबांच्या स्वयंपाकघरातली भांडी खोक्यांत भरायला मी बसले होते. पितळेची वेगळी, स्टीलची वेगळी, काचेच्या बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळून. सामान नेणारी गाडी चौदा तारखेला सकाळी येणार होती. बाबांना पुण्याला माझ्या धाकट्या भावाकडे कायमचं हलवायचं, असं आम्हा दोघा भावंडांचं फोनवर ठरलं होतं. बाबांना सांगितलं तेव्हा ते 'बरं' म्हणाले, हातातल्या पेपरची घडी घातली आणि बाहेर फाटकाशी जाऊन उभे राहिले. त्यांना जायचं नव्हतं हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. पण ठरलं ते ठरलं, म्हणून मी इंदूरहून चार दिवसांची रजा टाकून खोकी भरायला आले होते.

ठरलं ते उगाच नाही. भावाकडे कारणं होती, आणि तो कंपनीत मॅनेजर असल्यामुळे त्याने ती क्रमवार सांगितली. एक, बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, आई गेल्यापासून चार वर्षं एकटे, आणि ऑगस्टमध्ये त्यांनी गॅसवर दूध ठेवून पातेलं कोळसा होईपर्यंत जाळलं. दोन, कानाचं यंत्र घेऊन दिलं तरी घालत नाहीत, त्यामुळे फोन घेत नाहीत. तिसरं कारण त्याने आवाज खाली आणून सांगितलं. उन्हाळ्यात बाबा पंधरा दिवस पुण्याला होते, तेव्हा त्यांनी नातवंडांना एक गोष्ट सांगितली होती.

"ताई, न घडलेलं घडल्यासारखं सांगायला लागलेत ते. टाकीवरचा बादलीवाला, आठवतो? तेच. मुलांना शपथेवर सांगत होते की मी डोळ्यांनी पाहिला. मुलं हसायला लागली, तर उठून आत गेले."

पहिल्या दोन कारणांवर मी गप्प होते. तिसऱ्यावर मात्र माझाही धीर सुटला. डोक्याचं काही सुरू झालं असेल तर एकटं ठेवून चालणार नाही, म्हणून मी हो म्हटलं.

बादलीवाल्याबद्दल आता सांगायला हवं.

आम्ही बरखेड्याला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होते, पंप आणि टर्बाइनच्या भागांची ड्रॉइंगं करायचे. मी अकरावीत आणि भाऊ आठवीत असताना घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आला. सोबत एकच कॅसेट होती, शहरातल्या एका दुकानातून आणलेली, वरचा कागद तिरका चिकटवलेली. खेळाचं नाव आम्हाला कधी कळलं नाही, कारण पडद्यावर ते कुठल्यातरी परक्या लिपीत येई. पाठीवर कागदाचे पंख बांधलेला एक उंदीर एका गावातून उड्या मारत जातो, एवढीच त्याची कथा. भाऊ तासन्‌तास तो उंदीर पळवायचा.

बाबा भोंगा झाल्यावर सायकलवरून घरी येत, हातपाय धूत, चहाचा कप घेत आणि वेताच्या खुर्चीत बसून बघत. उंदरात त्यांना रस नव्हता. त्यांचं लक्ष त्या खेळातल्या एका बिनकामाच्या माणसावर होतं. पट्ट्यांचा पायजमा-सदरा, पोट सुटलेलं, मिशी नाकापेक्षा मोठी आणि हातात बादली. पहिल्या टप्प्यात तो उजवीकडून डावीकडे पाणी सांडत निघून जायचा. त्याला धडक दिली तरी काही व्हायचं नाही, गुण मिळायचे नाहीत, जीवही जायचा नाही. बाबांनी त्याचं नाव बादलीवाला ठेवलं. आमच्याकडे नळाला सकाळी आणि संध्याकाळी ठरल्या वेळीच पाणी यायचं, त्यामुळे बादली घेऊन लगबगीने जाणारा माणूस आमच्या चांगल्या ओळखीचा होता.

"आला बघ, ड्यूटीवर आला," बाबा म्हणायचे, आणि पुढे तो कुठे दिसतो याची वाट बघायचे. दुसऱ्या टप्प्यात तो नसायचाच. बाबांच्या मते त्या दिवशी त्याची साप्ताहिक सुट्टी. तिसऱ्यात बागेच्या बाकावर डोक्यावर बादली पालथी घालून झोपलेला असायचा. नुसती मिशी दिसायची, आणि नीट पाहिलं तर ती श्वासाबरोबर हलायची. चौथ्यात एका खिडकीतून फक्त हात बाहेर येई आणि पाणी फेकून आत जाई. तो हात त्याचाच, हे बाबांनी बाहीच्या पट्ट्यांवरून सिद्ध केलं. पाचवा टप्पा भुयारातला. तिथे गळणाऱ्या छताखाली नुसती बादली ठेवलेली असायची. ही हजेरी धरायची की नाही यावर आमचा दोन दिवस वाद झाला. शेवटी बाबांनी निकाल दिला : "वस्तू हजर, इसम गैरहजर. अर्धी हजेरी." खेळ संपल्यावर नावं वर सरकत, तेव्हा सगळ्यात शेवटी हा धापा टाकत पळत येई आणि तोवर पडदा काळा होई.

आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "त्या उंदरापेक्षा हा बरा. घरात पाणी तरी भरतो."

बाबांनी माझ्या चित्रकलेच्या वहीतून एक कागद काढून घेतला आणि त्यावर बादलीवाल्याच्या हजेऱ्यांचं रीतसर ड्रॉइंग केलं. प्रत्येक टप्प्याला एक चौकोन, त्यात तो कुठे उभा असतो ते, डाव्या कडेपासूनच्या अंतरासकट. टीव्हीच्या काचेवर पट्टी लावून मापं घेताना मी त्यांना पाहिलंय. घरात आणि ऑफिसात त्यांचा एकच नियम : जे मोजलं नाही ते कागदावर येत नाही.

दुसरीही एक सवय त्यांच्या ऑफिसची होती. एखाद्या भागाचं नवं ड्रॉइंग निघालं की जुन्यावर 'निरस्त', म्हणजे रद्द, असा शिक्का मारत, पण त्याची एक प्रत फाडत नसत. खालच्या कप्प्यात ठेवून देत. कारखाना दाखवायला त्यांनी मला एकदा नेलं होतं, तेव्हा मी विचारलं की हा कचरा कशाला सांभाळता. ते म्हणाले, "या जुन्यावरून बनलेला एखादा पंप कुठेतरी चालू असतो गं. तो बिघडला की नवं ड्रॉइंग काय कामाचं?"

सहाव्या टप्प्यात बादलीवाला नव्हता. भावाने तो टप्पा शंभरदा पार केला होता, आणि तिथे छपरं, धुराडी आणि एक उंच पाण्याची टाकी यापलीकडे काही नव्हतं.

एका रविवारी दुपारी आई आणि मी कॉलनीत हळदीकुंकवाला गेलो होतो, भाऊ मैदानावर होता. रात्री जेवताना बाबा म्हणाले, सहाव्या टप्प्यात बादलीवाला आहे. टाकीवर पाय सोडून बसतो आणि दोरीने बादली खाली सोडतो.

भाऊ जेवायचा थांबला. बाबा एकटे असताना खेळतात ही बातमीच त्याला नवी होती. त्यातून ते सहाव्या टप्प्यापर्यंत पोचले, हे त्याच्या पचनी पडेना. बाबांनी सांगितलं की टाकीखालचा खड्डा ओलांडायला त्यांना जमत नव्हतं, म्हणून उंदराला तिथेच उभा करून ते दूध उतरवायला आत गेले. परत येऊन बघतात तर वर हा.

भावाने आठवडाभर शोधलं. आला नाही. मीही बसून पाहिलं, आला नाही. मग भावाने जे करायचं ते केलं, म्हणजे मैदानावर सांगितलं. आठच दिवसांत अशी वेळ आली की बाबा सायकलवरून घरी येताना कट्ट्यावरची पोरं विचारायची, "अंकलजी, टंकी पे कौन है?" बाबा पहिले काही दिवस हसून हात करायचे. मग हसायचे थांबले.

सगळा दोष भावाचा नाही. मी त्यांना म्हटलं होतं, "बाबा, डुलकी लागली असेल तुम्हाला." अगदी सरळ, समजूत घातल्यासारखं. ज्या माणसाने काचेवर पट्टी लावून मापं घेतली, त्याला मी हे म्हटलं. सहाव्या चौकोनात त्यांनी टाकी आणि माणूस पेन्सिलने काढला होता, बाकी सगळं शाईने. शाई त्यांनी त्यावर कधी फिरवली नाही, आणि वेताची खुर्ची हळूहळू टीव्हीसमोरून खिडकीशी गेली. पुढे व्हिडिओ गेम बिघडला, कॅसेट कोणाला तरी देऊन टाकली, बाबा निवृत्त झाले, सोनागिरीत घर बांधलं, क्वार्टर सोडलं. तो कागद त्या घरबदलीत कुठे गेला कोण जाणे.

तर १२ तारखेला दुपारी मी बरण्या गुंडाळत होते, तेव्हा माझ्या मुलीचा फोन आला. ती बेंगळुरूला नोकरी करते. मी फोन स्पीकरवर टाकून काम चालू ठेवलं आणि मामाची तीन कारणं तिला सांगितली. पहिल्या दोनांवर तिने हं हं केलं. तिसऱ्यावर तिने मला थांबवलं आणि खेळाची सगळी माहिती विचारली. उंदीर, कागदाचे पंख, बादली. मी वैतागून म्हटलं की मला अजून कपबशा भरायच्या आहेत.

तासाभराने तिचा पुन्हा फोन. असे जुने खेळ उघडून आत काय काय शिल्लक आहे ते बघणारे लोक जगात आहेत, हे मला तिच्याकडून कळलं. खेळ करणारे बरीच चित्रं काढतात, मग काही वापरत नाहीत, पण ती आत तशीच पडून राहतात. आमच्या उंदराच्या खेळातही तशी होती, आणि त्यातली सात चित्रं एकट्या बादलीवाल्याची होती.

"आई, टाकीवरचं आहे त्यात," ती म्हणाली. "आणि खाली लिहिलंय की खेळ पुरा व्हायच्या आधीच्या एका कच्च्या प्रतीत तो खरोखर यायचा. उंदीर टाकीखाली मिनिटभर हलला नाही तरच. नंतर काढून टाकला. पण बाजारातल्या काही नकली कॅसेट त्या कच्च्या प्रतीवरून निघाल्या होत्या."

मिनिटभर न हलता. भाऊ तिथे कधी अर्धं मिनिटसुद्धा थांबला नव्हता, कारण वर घड्याळ उलटं पळत असायचं. मीही शोधायला बसले ते त्याच्याच शेजारी. दूध उतरवायला उठून गेले ते फक्त बाबा.

तिने पाठवलेलं चित्र मी पाहिलं. बाबांना लगेच दाखवलं नाही. मी शाळेची प्रयोगशाळा सांभाळते. उत्तर आधी दाखवून मग प्रयोग करायचा नसतो, हे मी मुलांना वर्षानुवर्षं सांगत आलेय. फोन पालथा ठेवला, बाबांना बाहेरून बोलावलं, कानाचं यंत्र त्यांच्या हातात दिलं आणि घाला म्हटलं. मग कपाटातून कोरा कागद आणि पेन्सिल आणून ठेवली.

"टाकीवरचा बादलीवाला काढून दाखवा."

ते माझ्याकडे बघत राहिले. "पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय का?"

"नाही. मला हवाय."

त्यांनी चष्मा पुसला, पेन्सिलीला टोक काढलं. अलीकडे त्यांचा हात थरथरतो, सही करताना अक्षरं हलतात. पण रेघ मारताना त्यांनी करंगळी कागदावर टेकवली आणि टाकीचे चार पाय सरळ खाली आले. मग टाकी. मग कडेवर बसलेला माणूस, पाय खाली सोडलेले. दोरी, दोरीला बादली. शेवटी त्यांनी एका पायात चप्पल काढली, दुसरा पाय अनवाणी ठेवला, आणि खाली जमिनीवर दुसरी चप्पल काढली, पालथी. हे चपलेचं त्यांनी आम्हाला तेव्हाही सांगितलं होतं की नाही, मला आठवत नव्हतं. मी ऐकूनच घेतलं नसेल.

मी फोन सुलटा केला आणि कागदाशेजारी ठेवला. चित्र ठिपक्याठिपक्यांचं, जुन्या खेळांचं असतं तसं. पण टाकी होती, पाय होते, दोरी होती, आणि जमिनीवर पालथी पडलेली चप्पल होती.

एक फरक होता, आणि तो मी सांगितला. बाबांनी टाकीला शिडी काढली होती, खेळातल्या चित्रात शिडी नव्हती.

"मग तो वर चढला कसा?" बाबा म्हणाले. "शिडी त्यांची राहिली, माझी नाही."

'मी सांगितलं होतं' असं ते म्हणतील म्हणून मी तयारीने बसले होते. ते म्हणाले, "म्हणजे आपली कॅसेट जुन्या ड्रॉइंगवरून निघालेली." एखाद्या पंपाचा बिघाड सापडल्यावर म्हणतील तसं.

मग उरलेली सहा चित्रं पाहिली. एकात बादलीवाला बादलीतच बसून अंघोळ करतोय. एकात बर्फावर घसरून पडलाय आणि बादलीतलं पाणी गोठून बाहेर पडलंय, बादलीच्याच आकाराचं. एकात छत्री म्हणून बादली डोक्यावर धरलीय. दोन चित्रांत तो नुसताच उभा, त्यांतल्या एकात बिनमिशीचा. तो बाबांना मुळीच आवडला नाही. शेवटच्यात त्याच्या शेजारी तशाच पट्ट्यांची साडी नेसल्यासारखी दिसणारी एक बाई, हातात तिची स्वतःची बादली.

"लग्न झालं होतं त्याचं?" बाबांनी फोन जवळ घेतला. "आणि हिला खेळात ठेवली नाही?"

"जागा नव्हती म्हणे."

"क्वार्टर मिळालं नसेल," बाबा म्हणाले. "नवीन भरती झालेल्यांना पहिली काही वर्षं बायको गावी ठेवावी लागते. मी नव्हती ठेवली?"

मी हसले, तेही हसले. मग मी त्यांना तो प्रश्न विचारला, जो दोन महिन्यांत आम्ही दोघांपैकी कोणीच विचारला नव्हता.

"बाबा, तुम्हाला पुण्याला जायचंय का?"

"नाही."

"मग तेव्हा बरं का म्हणालात?"

"तुमचं ठरलं होतं. ठरल्यावर सांगायला आलेल्याला बरंच म्हणायचं असतं."

संध्याकाळी भाऊ घरी पोचला असेल अशा बेताने मी त्याला फोन केला. आधी दोन्ही चित्रं पाठवली होती, खेळातलं आणि बाबांच्या हातचं. त्याने पहिलं हेच विचारलं, चपलेचं मी बाबांना आधी सांगितलं होतं का. नाही म्हटलं. तो आता सेहेचाळीस वर्षांचा आहे, पण पुढचं बोलला तो आवाज तेरा वर्षांच्या पोराचा होता.

"मी अख्ख्या मैदानाला सांगितलं होतं, ताई."

"मला माहीत आहे. मीही डुलकी म्हटलं होतं."

मग तो सावरला आणि पुन्हा मॅनेजर झाला. एका चित्रावरून इतका मोठा निर्णय बदलायचा का, असं त्याचं म्हणणं. जुनं आठवणं वेगळं आणि गॅस बंद करायचं आठवणं वेगळं. हे त्याचं बरोबर होतं, आणि मी तसं कबूल केलं. पण मी त्याला हेही सांगितलं की त्याच्या तीन कारणांपैकी ज्याला आपण दोघं घाबरलो, तेच मुळात चुकीचं निघालं. उरली दोन, आणि पातेलं जळतं म्हणून माणसाला गावातून उठवायचं नसतं, शेगडी बदलायची असते. कानाचं यंत्र तर आज दुपारपासून त्यांच्या कानातच होतं. डोक्याची तपासणी करायची तर ती भोपाळमध्येही होते. महिन्यातून एक शनिवार-रविवार मी इंदूरहून येईन, एक तो पुण्याहून येईल. सहा महिन्यांनी पुन्हा बघू, आणि त्या वेळी आधी बाबांना विचारू.

"मी बोलू का त्यांच्याशी?" त्याने विचारलं.

मी फोन बाबांना दिला आणि बाहेर जाऊन वाळत घातलेले कपडे काढले. काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. आत आले तेव्हा बाबा त्याला सांगत होते की शिडीचं मात्र कोणीतरी त्या लोकांना कळवायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी गाडीवाल्याला फोन करून गाडी रद्द केली. तो कुरकुरला, मी ऐकून घेतलं. कारखान्याच्या दवाखान्यात बाबांचं निवृत्तांचं कार्ड चालतं, तिथे मेंदूच्या डॉक्टरांची पुढच्या आठवड्यातली वेळ घेतली. मग रिक्षाने अशोका गार्डनच्या बाजारात गेले आणि दुकान उघडताच, वेळ लावली की आपोआप बंद होणारी इंडक्शन शेगडी आणि तिच्यावर चालणारं सपाट बुडाचं पातेलं घेऊन आले. गॅसचं बटण बंद करून सिलिंडर बाहेर व्हरांड्यात ठेवला. बाबांना शेगडीसमोर उभं करून त्यांच्याकडून चहा करवला. पहिल्यांदा त्यांनी वेळेचं बटण दाबलं नाही, दुसऱ्यांदा दाबलं. तो दुसरा चहा आम्ही प्यालो, आणि मी सुतळी कापून खोकी उघडायला घेतली.